उंदीर पडले तेव्हा

जुलै २०२०. पुण्यात, तुमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात तुम्ही बसला आहात. बाहेर पावसाची झड आहे, म्हणून दोन्ही खिडक्या लावून घेतल्यात. कमिटीचे पाच जण एका टेबलाभोवती बसलेत. मास्क सगळ्यांकडे आहेत, दोघांचे हनुवटीवर आलेत. टेबल नुकतंच सोडियम हायपोक्लोराइटने पुसलंय, त्याचा वास डोळ्यांना झोंबतो. समोर टाइप केलेली नोटीस आहे. कामवाल्या बायकांना पुढील सूचनेपर्यंत प्रवेश बंद. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नर्सबाईंनी आठ दिवसांत आपली सोय दुसरीकडे करावी. चौघांच्या सह्या झाल्या आहेत. पेन तुमच्याकडे सरकवलंय.

तुमच्या मनात कुणाचं वाईट नाही. घरी ऐंशी पार केलेली आई आहे, दुसऱ्या मजल्यावरचे काका डायलिसिसवर आहेत. भीती खरी आहे, आणि अध्यक्ष दोन तास झाले तेच सांगताहेत.

सही करायला तुम्ही कागद जवळ ओढता. पहिल्याच ओळीत कायद्याचा हवाला आहे: साथरोग कायदा, १८९७. याच वर्षी १३ मार्चपासून राज्यात लागू झालेला. अंगठा त्या आकड्यावर टेकतो. एकशे तेवीस वर्षांचा जुना कायदा. कुणासाठी केला असेल, कुणावर चालवला असेल, असा एक विचार मनात येतो, आणि हायपोक्लोराइटचा वास हळूहळू बदलून चुन्याचा होतो.

१३ मार्च १८९७. सकाळ. तुम्ही शहरातल्या एका पेठेत, एका बोळाच्या तोंडाशी उभे आहात. भिंतींवर ओला चुना आहे, गटारात कसलंसं औषध ओतलंय, त्याचा घसा धरणारा वास आहे. चारातल्या दोन वाड्यांना कुलूप. अर्धं पुणं गाव सोडून गेलंय. कुणी सासुरवाडीला, कुणी कोकणात, कुणी नुसतंच नदीपलीकडे. या साथीचं नाव अजून लोकांच्या जिभेवर नीट बसलेलं नाही. वर्तमानपत्रं 'ग्रंथिक सन्निपात' छापतात, बायका 'गाठीचा ताप' म्हणतात, सरकारी कागदावर 'प्लेग' आहे. काखेत किंवा जांघेत गाठ येते, अंग तापतं, माणूस बरळू लागतो आणि बहुतेकदा आठवडा पुरा करत नाही.

ही साथ मुंबईहून आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगास या गोव्याच्या माणसाने पहिल्यांदा रोग ओळखला आणि तसं उघड सांगितलं. मांडवीत धान्याच्या वखारी. त्या वखारींत उंदीर मरून पडत होते, हेही तेव्हाच सगळ्यांनी पाहिलं होतं. हा उंदीर जरा लक्षात ठेवा.

फेब्रुवारीच्या ४ तारखेला सरकारने कायदा केला. अवघी चार कलमं. साथ असेल तिथे सरकारला हवे ते नियम करता येतील, आणि चांगल्या हेतूने काही केलं तर कुणावर दावा लावता येणार नाही, एवढा त्याचा अर्थ. साताऱ्याहून वॉल्टर चार्ल्स रँड हे आयसीएस अधिकारी पुण्यात आले. त्यांच्या प्लेग समितीत आणखी दोघे होते, एक लष्करी अधिकारी आणि एक लष्करी डॉक्टर. तीन माणसं, आणि तिघंही इंग्रज. वाड्यात कधी झोपलेलं, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाट मांडून जेवलेलं त्यांच्यात कुणी नव्हतं.

बुटांचा आवाज येतो. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई, सोबत कागद घेतलेला एक कारकून, मागे तोंड पाडून चालणारे पेठेतले एक प्रतिष्ठित गृहस्थ. दार ठोठावलं जातं.

दार उघडायच्या आत तुम्ही त्या पुढच्या शिपायाच्या जागी उभे राहा. मला ठाऊक आहे, तुमचं मन तयार नाही. आपण लहानपणापासून ही गोष्ट दाराच्या आतल्या बाजूने ऐकली आहे, आणि ती बाजू खोटी नाही. तरी क्षणभर उभे राहा. वय वीसेक. गाव इंग्लंडच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणींच्या मुलखात. मार्चचं ऊन सकाळी आठलाच मानेवर बसतंय. आतल्या अंधारात काय आहे ते माहीत नाही, पण त्याने माणूस पाच दिवसांत मरतो हे माहीत आहे. हुकूम असा की प्रत्येक खोली बघायची, आजारी माणूस सापडला की उचलून इस्पितळात, घरची माणसं कॅम्पात. लोक रोगी लपवतात, असं त्याला सांगितलंय, आणि ते खरंही आहे. मघाशी एका घरात कणगीमागे तापाने फणफणलेला म्हातारा सापडला होता. आत जाताना बूट काढायचे असतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्याने काढले असते का, ते मी सांगू शकत नाही.

आता उंबरठा ओलांडून या.

आत ओटी, मग माजघर, डाव्या हाताला स्वयंपाकघर, कोपऱ्यात देवघर. आजी सोवळ्यात आहेत, हातात पळी तशीच राहिली आहे. बूट देवघराच्या पायरीशी जाऊन थांबतात. कुणीतरी बळदाचं झाकण उचलून आत काठी घालतं. सुनेला पुढे बोलावलं जातं. गाठ आहे का बघायचंय. ती पदर घट्ट धरून उभी. तिचा नवरा मध्ये येतो, त्याला बाजूला सारतात. कायद्याच्या भाषेत याला तपासणी म्हणतात. त्या माजघरात याला काय म्हणत असतील ते तुम्हाला कळतं, कारण आता तुम्ही भिंतीला पाठ लावून तिथेच उभे आहात आणि तुमच्याही घशाला कोरड पडलीय. समितीचे हुकूम कागदावर सभ्य होते. लोकांच्या भावनांना जपा, पडद्यातल्या बायकांना बायकांनीच तपासा, असं त्यांत होतं. पण कागद कचेरीत होता आणि बूट देवघराशी.

आणि एवढ्या गडबडीत आजी काहीतरी बोलतात. शिपायाशी नाही, कारकुनाशी. तो निदान त्यांची भाषा बोलणारा.

"अहो, आमच्याकडे ताप कुणालाच नाही. पण चार दिवस झाले, कोठीत उंदीर पडताहेत. काल तीन पडले. आज सकाळी सुनेनं एक शेपटीला धरून परसात टाकला. तेवढं सांगा साहेबाला."

कारकून ऐकतो. त्याच्या कागदावर रकाने आहेत: माणसं किती, आजारी किती, मेलेले किती. उंदरासाठी रकाना नाही. तो मान हलवतो आणि पुढे जातो. साहेबाला काही सांगत नाही. साहेबही विचारत नाही.

इथे जरा थांबू. त्या घरातली सगळ्यांत मोलाची बातमी ही होती, आणि ती दाराबाहेर गेली नाही. हा प्रसंग मी रचलेला आहे. पण मेलेले उंदीर शेकडो घरांनी पाहिले होते, अधिकाऱ्यांनीही पाहिले होते. उंदरालाही हाच रोग होतो, एवढं डॉक्टरांना माहीत होतं. माणूस जसा घाणीतून, जमिनीतून, रोग्याच्या कपड्यांतून रोग घेतो तसाच तोही घेत असेल, अशी समजूत होती. म्हणून जमिनी खणायच्या, भिंतींना चुना फासायचा, कपडे जाळायचे, रोगी वेगळा काढायचा. तीनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या प्लेगात गोऱ्या शिपायांनी असंच घरोघर शिरून काम केलं होतं. नमुना तयार होता.

दुसराही एक नमुना होता, आणि तो याच देशातला. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरांत ही साथ जुनी होती, 'महामारी' म्हणत. तिथले लोक घरात उंदीर मरू लागले की माणूस आजारी पडायची वाट बघत नसत. गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. हे त्या मुलखातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलं होतं. म्हणजे ज्ञान होतं. सरकारच्याच दप्तरात होतं. पण अडाण्यांची चाल म्हणून होतं, उपाय म्हणून नव्हतं.

तीन दिवस मागे चला. १० मार्च. शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला ससाणेंचा मळा. माळरानावर उभारलेला दवाखाना. डॉक्टर यशवंत फुले लष्करातली नोकरी बाजूला ठेवून इथे रोगी बघताहेत. त्यांना बोलावणाऱ्या आईला तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिलंय, पण इथे त्या छायाचित्रातल्यासारख्या ताठ बसलेल्या नाहीत. सावित्रीबाई फुले तापाने निपचित पडल्या आहेत. मुंढव्याच्या वस्तीतलं प्लेग झालेलं एक पोर त्यांनी पाठीवर टाकून इथे आणलं, असं सांगतात. पोर जगलं. त्या आज जाणार आहेत.

रोगी लपवणारी माणसं आणि रोगी आणून देणारी माणसं ही एकाच शहरातली होती. फरक पलीकडच्या टोकाला कोण उभं आहे याचा होता. आपलं माणूस नेलं तर त्याला पाणी कोण देईल, कुणाच्या हातचं देईल, मेलं तर तोंड दिसेल का, याची उत्तरं मिळाली तर लोक रोगी आणून देत. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ काढलं, मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळं उघडली. जातवार इस्पितळं हे काही भूषण नव्हे, आणि सावित्रीबाईंच्या मळ्यात पाठीवर कोण बसलंय हे विचारलं जात नव्हतं म्हणून तो मळा मला अधिक मोठा वाटतो. पण दार फोडून जे होत नव्हतं ते या इस्पितळांच्या नुसत्या असण्याने थोडं तरी होत होतं.

आणखी दोन महिने मागे, मुंबईत. भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज. बोळवजा जागेत थाटलेली प्रयोगशाळा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. १० जानेवारी १८९७. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आहे. ती माणसाला चालते का, हे कुणावर तरी बघायचंय. ते पहिली सुई स्वतःला टोचून घेतात, भरपूर मात्रेची. ताप येतो, सुईच्या जागी ठणका लागतो, हे ते नोंदवून ठेवतात. भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना, तेही आपणहून पुढे आलेल्यांना, लस मिळते ती नंतर. मला हाफकिन यांच्या विद्वत्तेइतकीच ही रीत मोठी वाटते. ज्याच्या अंगावर निर्णय पडणार, त्याच्या जागी ते आधी जाऊन आले. रँड यांच्या समितीतल्या एकाच्या तरी घरात, एखाद्या सकाळी, अनोळखी माणसांनी बुटांनिशी शिरून बायको-मुलांना अंगणात उभं करायला हवं होतं. निदान कल्पनेत तरी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, मी भरभर सांगतो. अर्ज गेले, पत्रं छापली गेली. स्त्रियांच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची, विश्वास ठेवावा अशी एकही तक्रार आमच्याकडे आली नाही, असं समितीने आपल्या अहवालात नोंदवलं. ते वाचताना मला राग येतो. पण त्याहून अधिक, हे शक्य कसं झालं याचं उत्तर दिसतं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच टेबलावर ती द्यायची होती. विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून स्त्रियांवरच्या अत्याचाराची गोष्ट तिथल्या वर्तमानपत्रात सांगितली. परतल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. काहींनी त्यांना त्याबद्दल कधी क्षमा केली नाही. मला ती माफी कमीपणाची वाटत नाही. दुसऱ्याची बाजू ऐकणं म्हणजे ती डोळे मिटून घेणं नव्हे. ती तपासावीही लागते, आणि हलली तर तसं म्हणावंही लागतं. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतणारे रँड आणि लष्करी अधिकारी लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तिथेच गेले, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. जे बोलणं कुठे पोहोचत नव्हतं ते शेवटी पिस्तुलाने पोहोचवलं गेलं. प्लेगला यातलं काहीच कळलं नाही. मेमध्ये तो ओसरला तेव्हा समितीला आपलं काम फत्ते झाल्यासारखं वाटलं. पण उन्हाच्या तडाख्यात पिसवाही मरतात; पिसवांचा इथे काय संबंध, ते लगेच सांगतो. पुढच्या वर्षांत तो पुन्हा पुन्हा आला.

आता कराचीला चला. जून १८९८. एका हॉटेलाच्या आवारात मांडलेली तात्पुरती प्रयोगशाळा. पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर एका मोठ्या काचेच्या बरणीवर वाकलेत. या माणसाने एक साधी गोष्ट केली होती: कुणाचं काय काम होतं ते विचारलं. लोकरीच्या एका कारखान्यात एका सकाळी जमिनीवर मेलेल्या उंदरांचा सडा पडला होता. वीस मजुरांना ते झाडून काढायला लावलं. तीन दिवसांत त्यांतले दहा जण प्लेगने पडले, बाकीच्या कामगारांना काही झालं नाही. झाडणाऱ्याच्या हातात काय वेगळं होतं? काही रोग्यांच्या अंगावर त्यांनी बारीक फोड पाहिले होते, किडा चावल्यासारखे.

बरणीत डोकावा. प्लेगच्या घरातून आणलेला उंदीर, मरणपंथाला लागलेला. त्याच्या अंगावर पिसवा. वरून जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर सोडलाय. जाळीमुळे दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही, पण पिसू उडी मारून जाऊ शकते. आजारी उंदीर मरतो. अंग थंड पडलं की पिसवा त्याला सोडतात. निरोगी उंदीर काही दिवस हिंडतो, खातो, मग सुस्त होतो आणि मरतो. चिरून पाहिलं तर आत प्लेगचे जंतू. पिसवा नसलेला आजारी उंदीर ठेवून सिमाँ यांनी तोच प्रयोग केला, तेव्हा शेजारचा जगला.

सिमाँ यांचं म्हणणं वर्षानुवर्षं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे ग्लेन लिस्टन यांनी मुंबईत प्लेग झालेल्या घरांमध्ये गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा तपासल्या. त्या पिसवा उंदराच्याच निघाल्या. तेव्हा कुठे हे गळी उतरलं. सक्तीच्या झडत्या सरकारने त्याआधीच सोडल्या होत्या. महाराष्ट्राच्या गावागावांत तोवर लोकांची आपली रीत पडून गेली: 'उंदीर पडले' अशी बातमी आली की भांडीकुंडी घेऊन शिवारातल्या झोपडीला जायचं. तुमच्या पणजीने ती झोपडी पाहिली असेल.

हे सगळं कळल्यावर तुम्हाला पुन्हा त्या माजघरात नेतो. तीच सकाळ, शिपाई यायला अजून घटकाभर अवकाश आहे. सून कोठीच्या खोलीत गेली आहे. ज्वारीच्या कणगीखाली उंदीर पडलाय, चारी पाय वर. ती नाक मुरडते, पदर खोचते, वाकते. उंदराचं अंग नुकतंच थंड पडतंय. त्याच्या पोटावरच्या भुऱ्या केसांत काहीतरी तीळभर हलतं. तुम्हाला आता माहीत आहे ते काय आहे. तुम्ही ओरडता. आवाज फुटत नाही. तुम्ही ज्या काळातून आलात तिथे तुमचा आवाज आहे, इथे नाही. ती शेपटी चिमटीत धरते आणि परसाकडे चालू लागते. थोड्या वेळाने दार वाजेल, तिची गाठ शोधली जाईल, मिळणार नाही, आणि कागदावर 'आजारी: शून्य' असं लिहून सगळे पुढच्या घरी जातील.

पेन हातात आहे. पाऊस थांबलाय. अध्यक्ष म्हणतात, "करून टाका सही, उशीर होतोय."

"त्यांना कुणी विचारलंय का?" तुम्ही म्हणता.

"कुणाला?"

"तिसऱ्या मजल्याला."

कुणी बोलत नाही. एक जण म्हणतो, विचारायचं काय त्यात. तुम्ही नोटीस तशीच ठेवून उठता, जिना चढता. दारासमोर प्लास्टिकच्या टबात बुडवलेल्या चपला, दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी. बेल वाजवून तुम्ही चार पावलं मागे येता. ती दार उघडते. रात्रपाळीहून आलेली, नाकावर मास्कचा वळ उमटलेला. तुम्हाला बघून तिचा चेहरा आवळतो. काय ऐकावं लागणार, याची तयारी करून ती उभी राहते.

"ताई, आम्ही खाली एक ठरवतोय. त्याआधी तुमचं ऐकायला आलो. इमारतीत काय करायला हवं?"

ती जरा वेळ बघत राहते. मग दाराला टेकून बोलू लागते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना डायलिसिसला नेणारी गाडी लिफ्टपाशी थांबते तेव्हा तिथे किती गर्दी असते, ते सांगते. त्यांचं करणारी मावशी आली नाही तर काकूंना ते एकटीने उचलवत नाहीत, हेही तिलाच माहीत आहे. दोनदा तिने मदत केली आहे. मग म्हणते, "आणि रागावू नका, पण ते जिने पुसण्यापेक्षा आधी तुमच्या त्या ऑफिसच्या खिडक्या उघडा. पाच जण, दोन-दोन तास, दारं-खिडक्या लावून बसता. मी येता-जाता रोज बघते."

तुम्ही खाली येता. चौघं तसेच बसले आहेत, त्याच कोंदट हवेत. तुम्ही टेबलाला वळसा घालून खिडकीशी जाता. पावसाने लाकूड फुगलंय, कडी निघत नाही. दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो.